पायऱ्या संपेपर्यंतची विशेषणं

पूल ओलांडून आम्ही उताराला लागलो तेव्हा वन्संच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या थांबल्या, चपलेकडे बघितलं, मग दुसरीही काढली आणि दोन्ही माझ्या हातातल्या पिशवीत गरम पाण्याच्या थर्मासशेजारी टाकल्या.

“पाय भाजतील,” मी म्हटलं.

“आज भाजायचं ते भाजून झालंय. चल.”

सभेच्या मैदानापासून आमची वस्ती म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. एरवी एवढं अंतर कोणी चालत नाही, कारण बस असते. त्या दिवशी बस नव्हत्या. शहरातल्या झाडून सगळ्या बस सभेला माणसं भरून आणायच्या कामाला लावल्या होत्या, आणि साहेबांचं भाषण संपेपर्यंत एकाही चालकाला जागचं हलायची मुभा नव्हती. आम्हाला न्यायला सकाळी पक्षाची गाडी आली होती. पांढरी, गारेगार, आत अत्तराचा वास. परतीला ती मिळाली नाही. चालक गाडीपाशीच उभा होता. आम्ही दिसताच त्याने पाठ फिरवली आणि लख्ख असलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांबाखांबावर साहेब होते. हात जोडलेले, दात शुभ्र, केस काळेभोर. खांब मुळात दिव्यांसाठी उभे केले होते हे आता कोणाला सांगून खरं वाटलं नसतं.

“सगळे आपल्याकडेच बघतायत,” वन्सं म्हणाल्या.

“रस्त्यावर तर चिटपाखरू नाही.”

“हे गं, वरचे.” आणि मैदान सोडल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. मग लगेच गंभीर होऊन म्हणाल्या, “एक सांग. मी चुकले का?”

“चुकलात की,” मी म्हटलं. मला उगाच गोड बोलता येत नाही.

“तसं नव्हे. शब्द चुकला की वेळ चुकली?” थोडं चालून गेल्यावर त्यांनीच उत्तर दिलं, “गाडी फलाटाला लागायच्या आधी घोषणा झाली, इतकंच. स्थानकावर असं झालं की लोक घटकाभर शिव्या घालतात. गाडी मग येतेच.”

हे त्या म्हणाल्या तेव्हा आमच्या मागे, दूर मैदानावर, भोंग्यांतून साहेबांचं भाषण चालू होतं. शब्द कळत नव्हते. नुसताच राग ऐकू येत होता.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. नात्याने माझ्या नणंद, पण नणंदेचं एकही काम त्यांनी कधी धड केलं नाही. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत, भावाचे कान भरले नाहीत, की माझ्या माहेराचा उद्धार केला नाही. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, “माझा भाऊ घोरतो. कुशीवर वळवायचा, समजावत बसायचं नाही.” तेवढ्यावर आमचं जे जमलं ते जमलंच.

शहराच्या मुख्य बसस्थानकावर त्या घोषणा करायच्या. काचेची खोली, आत टेबल, खुर्ची, माईक आणि एक पंखा. माईक चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे, कारण त्याची घरघर सगळ्या फलाटांवर पसरायची. त्यामुळे उन्हाळ्यात वन्सं आत घामाने निथळत असायच्या, पण बाहेर आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई कुठल्यातरी बागेत झाडाखाली बसून बोलतेय. गाडी उशिरा येणार असली तरी त्या आवाजात ऐकलं की लोकांना राग येत नसे. लोक त्यांना माईकबाई म्हणत.

हा आवाज फक्त माईकचा. घरी त्या बोलायला लागल्या की पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटे, आणि खडेही मोजकेच. दिसायला ठेंगण्या, नाक बसकं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एकदा एक माणूस त्या आवाजाच्या प्रेमात पडून काचेशी आला होता. शर्टाला इस्त्री, केसांना तेल. आत डोकावून म्हणाला, “त्या घोषणा करणाऱ्या बाई कुठे आहेत?” वन्संनी त्याला वर-खाली बघितलं आणि म्हणाल्या, “जेवायला गेल्यात.” तो बराच वेळ थांबून निघून गेला. हा किस्सा त्या स्वतःच सांगत आणि स्वतःच पोट धरून हसत. लग्न त्यांनी केलं नाही. का नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही आणि सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

साहेब तेव्हा साहेब नव्हते. त्या वेळीही एक सरकार फार वर्षं बसलेलं होतं. इतकी, की लोकांना सरकार आणि हवामान यांतला फरक कळेनासा झाला होता. त्या सरकारच्या विरोधात उभा राहिलेला हा तरुण. सदरा चुरगळलेला, घसा बसलेला. बसस्थानकाच्या आवारात एका खोक्यावर चढून बोलत होता आणि बसच्या इंजिनांपुढे त्याचं काही चालत नव्हतं. शेवटी तो खोक्यावरून उतरून काचेच्या खोलीपाशी आला.

“ताई, माझा आवाज गेलाय. तुमचा थोडा देता का?”

वन्संनी माईक चालू केला. “प्रवाशांनी लक्ष द्यावं. आवारात एक तरुण काही सांगतोय. गाडीला अवकाश आहे, तोवर ऐकून घ्यावं.”

बस्स, एवढंच. लोक वळले. वळले ते असे वळले की निवडणुकीत ते जुनं सरकार पार आडवं झालं, आणि हा तरुण एकेक खातं सांभाळत राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचला. वन्संवर कारवाई करायचं वरच्यांनी ठरवलं होतं, पण कारवाई करणारेच घरी गेले.

पुढे साहेबांनी डोक्यात घेतलं की ताईंच्या तोंडून नाव निघालं की यश येतं. मला हे कधी पटलं नाही. यश देणारा वर आहे आणि त्याला माईक लागत नाही. पण साहेबांचा भरवसा वन्संवर, आणि वन्संचा, खरं सांगायचं तर, साहेबांवर. त्या काळात तरी. प्रत्येक मोठ्या सभेला साहेबांचं नाव पुकारायचं काम त्यांचं. नोकरी संपली तेव्हा बसस्थानकामागच्या कर्मचाऱ्यांच्या बैठ्या घरांतली त्यांची खोली त्यांच्याकडेच राहिली. साहेबांनी भर सभेत हात उंचावून सांगितलं होतं, “ही खोली ताईंची, हयातभर!” टाळ्या पडल्या. खोली लहानशी. खिडकी उघडली की बसचा धूर आत येतो, म्हणून ती बंद, आणि बंद ठेवली की उकडतं, म्हणून थोडी उघडी. डिझेलच्या रिकाम्या डब्यांत लावलेली चार झाडं. खाट, स्टोव्ह, एक आरसा. भिंतीवर साहेबांचा फोटो नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “खांबांवर आहेत तेवढे पुरेत.” पण त्या खिडकीतून नुसत्या आवाजावरून कुठली गाडी निघाली ते त्या सांगायच्या, आणि दुसरीकडे कुठे त्यांना झोप लागत नसे. आमच्याकडे राहायला आल्या की सकाळी डोळे तांबारलेले असायचे. “तुमच्याकडे फार शांतता आहे बाई,” म्हणायच्या.

आता विशेषणांचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं.

सुरुवातीला विशेषण एकच होतं: ‘आपले’. वन्सं म्हणायच्या “आपले” आणि पुढे साहेबांचं नाव. झालं. पुढच्या निवडणुकीला ‘लोकप्रिय’ आलं. मग ‘कर्तबगार’, ‘दूरदर्शी’, ‘कणखर’. मग ‘गोरगरिबांचे आधारस्तंभ’. मग ‘आधुनिक राष्ट्राचे शिल्पकार’. पक्षाच्या कचेरीत विशेषणांसाठी बैठका व्हायच्या म्हणे. एकदा वन्संनी थट्टेत ‘झोपेतही जनतेचाच विचार करणारे’ असं सुचवलं, तर ते एकमताने मंजूर झालं आणि पुढे प्रत्येक सभेत त्यांना ते हसू दाबून म्हणावं लागलं.

मला भोळीला वाटायचं, कर्तृत्व वाढतं तशी विशेषणं वाढत असतील. एकदा भाजी निवडता निवडता वन्संनीच माझा गैरसमज काढला.

“कसलं कर्तृत्व! अगं, गुडघा वाढतोय.”

पद्धत अशी होती. साहेब मंचाच्या मागून पायऱ्या चढून यायचे. त्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं की वन्संनी सुरू करायचं, आणि नाव नेमकं अशा क्षणी उच्चारायचं की त्याच क्षणी साहेब वर प्रकट झाले पाहिजेत. इकडे नाव, तिकडे माणूस, लगेच बँड. तरुणपणी साहेब दोन-दोन पायऱ्या गाळत धावत यायचे, तेव्हा ‘आपले’ पुरायचं. वय झालं तसं एकेका पायरीला एकेक विशेषण लागायला लागलं. मध्ये कठडा धरून दम खायचा असेल तर ‘आधुनिक राष्ट्राचे शिल्पकार’, कारण ते लांब आहे. वन्सं डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्याआड बघत आणि त्या बेताने सोडत जात. हे ठाऊक असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दूरदर्शनवर साहेब कायम उभे दिसायचे, चालताना कधीच नाही. साहेबांच्या गुडघ्याविषयी बोलणं म्हणजे देशाच्या सीमेविषयी बोलण्यासारखं होतं.

या निवडणुकीत मात्र पहिल्यांदाच सरकारच्या पोटात गोळा आला. समोर एक डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. लहान मुलांच्या डॉक्टर, बोलायला सरळ. त्यांच्या मागे सगळे विरोधक एक झाले होते, म्हणजे निदान फोटोपुरते. त्यांच्या सभांना लोक स्वतःच्या पायांनी, घरचं पाणी बाटलीत भरून जात होते. साहेबांच्या सभेला बस लावाव्या लागत होत्या आणि लोक बसमधून उतरून मैदानाच्या दुसऱ्या दाराने बाजारात जात होते.

सरकार घाबरलं की फार प्रेमळ होतं. आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांना बघायला मोठमोठी माणसं येऊन गेली. एकाने तर वाकून खड्ड्याला हात लावला आणि फोटो काढून घेतला. खड्डा तिथेच आहे. दवाखान्याची फीत कापली, आत खाटा नव्हत्या, पण फीत रेशमी होती. जे आमदार एरवी गाडीची काचही खाली करत नसत ते आता कोणाच्याही म्हाताऱ्या सासूच्या पाया पडत होते. आमच्या शेजारणीच्या सासूने तर विचारलं, “बाबा, कोण तू? काय हरवलंय तुझं?”

आणि या सगळ्या घाबरटपणात कोणा शहाण्याने सांगितलं, की डॉक्टरीणबाईंपेक्षा साहेब मोठे दिसायला हवेत, तर मंच उंच करा. केला. दुमजली घराएवढा. मंच उंच केला की पायऱ्या वाढतात, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. वन्संच्या आलं. सकाळी मैदानावर उतरल्या उतरल्या त्या मंचामागे जाऊन बघून आल्या आणि पक्षाच्या चिटणिसाला गाठलं. चिटणीस म्हणजे चकचकीत बूट आणि सतत कानाला फोन.

“पायऱ्या वाढल्यात,” त्या म्हणाल्या. “विशेषणं वाढवून द्या.”

“मावशी, तुम्हाला काय कमी आहेत!” तो फोनवर हात ठेवून म्हणाला. “हाणा की दोनचार मनानं.”

“मनानं मी कधी बोलले नाही. बैठकीत ठरतं ते बोलते.”

“अहो, आज बैठकीला वेळ आहे का?”

मी मंचाखाली थर्मास घेऊन उभी होते. मला पायऱ्याही दिसत होत्या आणि मैदानही. साहेबांनी पायरीवर पाऊल ठेवलं. वन्संनी सुरू केलं, “आपले, लोकप्रिय, कर्तबगार...” आवाज तोच, बागेतला. साहेब चढत होते. ‘गोरगरिबांचे आधारस्तंभ’ला ते कठड्याशी थांबले. ‘आधुनिक राष्ट्राचे शिल्पकार’ झालं, तरी थांबलेलेच. एका रक्षकाने कोपराला हात दिला, तो त्यांनी झटकला. ‘झोपेतही जनतेचाच विचार करणारे’ही संपलं. साहेब अजून अर्ध्यात. आणि वन्संकडची विशेषणं संपली.

माईकवर शांतता म्हणजे काय हे स्थानकावर काम केलेल्या माणसालाच कळतं. तिथे माईक चालू ठेवून गप्प बसणं हे पाप. शांतता पडली की लोकांना वाटतं अपघात झाला. वन्सं गप्प राहूच शकल्या नसत्या. मग त्यांनी साहेबांनी भूषवलेली पदं धरली. आवाज जराही न डगमगता म्हणाल्या, “या देशाचे माजी शिक्षणमंत्री...” साहेब एक पायरी चढले. “माजी अर्थमंत्री...” आणखी एक. “माजी संरक्षणमंत्री...” हे सगळं खरं होतं, साहेब ही सगळी पदं भोगून आले होते. “माजी परराष्ट्रमंत्री...” साहेबांचं डोकं मंचावर दिसायला लागलं. आता चालू पद लावून नाव घ्यायचं. आणि उतारावर सुटलेल्या गाडीसारखी जीभ तशीच पुढे गेली:

“माजी राष्ट्राध्यक्ष...”

नाव पुकारलं आणि नेमके त्याच क्षणी साहेब प्रकट झाले. इतक्या वर्षांत वेळ इतकी अचूक कधी साधली नसेल.

आधी सगळं चिडीचूप. मग मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी खुदकन हसलं. मग ते हसू पसरत पसरत पुढे आलं, बस भरून आणलेल्या माणसांतून, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांपर्यंत. बँडवाल्यांना इशारा मिळालेला असल्याने त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली, त्यामुळे तर ते सगळं निरोप समारंभासारखं वाटायला लागलं. देवा, क्षमा कर, पण मीही पदर तोंडाला लावला.

म्हणून आम्ही चालत घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून शहरात तो शब्द सुटला. भाजीवाला दुसऱ्या भाजीवाल्याला “काय माजी, कसं काय?” म्हणून हाक मारायला लागला. खांबाखांबावर साहेबांच्या हनुवटीखाली कोणीतरी खडूने ‘माजी’ लिहून ठेवलं. पुसणारे पुसून जात, लिहिणारे लिहून जात. पोलिसांनी म्हणे वरती विचारलं की नुसता ‘माजी’ हा शब्द गुन्ह्यात बसतो का. डॉक्टरीणबाईंना भाषणात काही बोलावंच लागत नव्हतं. त्या म्हणायच्या, “आपल्या देशाचे...” आणि थांबायच्या. पुढचं मैदान म्हणायचं.

मग चिटणीस वन्संच्या खोलीवर आला. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून सगळं माझ्या समोरच झालं. बसायला जागा खाटेवरच, तिथे तो बूट न काढता बसला.

“मावशी, साहेब तुमच्यावर रागावलेले नाहीत,” तो म्हणाला.

“मग गाडी का नाही दिली?”

“ते... वरचे लोक गडबडले. हे बघा, आता एकच करायचं. उद्या सकाळी दूरदर्शनची माणसं इथे येतील. तुम्ही फक्त सांगायचं, की माझं वय झालंय, मला विस्मरणाचा आजार आहे, हल्ली काही आठवत नाही. डॉक्टरांचा दाखला आम्ही तयार ठेवलाय.”

“मला तपासलंय कोणी?”

“मोठे डॉक्टर आहेत, त्यांना तपासावं लागत नाही.”

“बरं. काय आठवत नाही म्हणू?”

“काहीच नाही म्हणा.”

“मग एवढं सांगायचंय ते कसं आठवलं, विचारलं तर?”

चिटणिसाने माझ्याकडे बघितलं, जसं काही हे मीच पढवलंय. मग आवाज आणखी मऊ केला. “खोलीचं म्हणाल तर काळजी नको. आजारी बाईला कोण बाहेर काढतंय? माणुसकी आहे ना.”

“आणि बाई ठणठणीत असली तर?”

त्याने डिझेलच्या डब्यातल्या झाडाचं एक पान तोडून बोटांत चुरगळलं. “ठणठणीत माणसाला काय मावशी, कुठेही राहता येतं.”

तो गेल्यावर वन्संनी ते चुरगळलेलं पान उचललं, डब्यातल्या मातीत दाबलं आणि खाटेवरची चादर झटकली.

दुपारी विरोधकांचा प्रचारप्रमुख आला. याने बूट बाहेर काढले, हे कबूल केलं पाहिजे. फुलांचा गुच्छही आणला होता. त्याला वन्सं ट्रकवर हव्या होत्या. “एकच शब्द, आजी! तुमच्या तोंडून, तस्साच. बाकी ओळख करून द्यायची ती आम्ही लिहून आणलीय.” आणि त्याने खिशातून कागद काढून वाचायला सुरुवात केली: “दूरदर्शी, कणखर, आधुनिक राष्ट्राच्या शिल्पकार...”

“हे माझं आहे,” वन्सं म्हणाल्या.

“स्त्रीलिंगी केलंय की,” तो म्हणाला.

“तुमच्या बाईंना पायऱ्या चढायला वेळ लागतो का?”

“छे! धावत चढतात.”

“मग एवढी कशाला? आत्तापासून साठवून ठेवताय वाटतं.”

तो ओशाळला आणि गुच्छ स्टोव्हवर ठेवून गेला. मी आधी गुच्छ तिथून उचलला.

संध्याकाळी हे आले. बहिणीसमोर ह्यांना धड बोलता येत नाही. खिडकीकडे बघत म्हणाले, “ताई, म्हणून टाक ना. लोक काय, चार दिवसांत विसरतील. खोली राहील.” मग थांबून म्हणाले, “नाहीतर आमच्याकडे ये.”

दोन खोल्यांत आम्ही, दोन मुलं आणि सासरे. जागा होती असं म्हणणं खोटं ठरेल. तरी मीही म्हटलं, “या की.” म्हटलं ते मनापासून.

“झोप कुठे लागते मला तुमच्याकडे,” वन्सं म्हणाल्या. भावाला चहा दिला, आणि हे निघून गेल्यावर मला म्हणाल्या, “मी खरं काय झालं ते सांगणार आहे.”

“म्हणजे?”

“पायऱ्या वाढवल्या, साहेबांना चढवेना, माझी विशेषणं संपली. जसं झालं तसं.”

“वन्सं, ते तर ‘माजी’पेक्षा वाईट. त्या गुडघ्याचं गुपित त्यांनी प्राणपणाने जपलंय. उद्याच सामान रस्त्यावर येईल तुमचं.”

“येईल.”

“मग काहीच बोलू नका. आजारी आहे म्हणून पडून राहा.”

“तेच तर हवंय त्यांना.” त्या खाटेच्या कडेला बसल्या. “अगं, मला वेडी ठरवलं ना, तर मी आजवर माईकवर जे बोलले ते सगळंच वेडीचं ठरेल. साहेबांविषयी बोलले ते जाऊ दे खड्ड्यात, त्यात राम नव्हताच. पण गाडीची वेळ आणि फलाट मी कधी खोटा सांगितला नाही. माझ्या भरवशावर लोक धावत सुटायचे, मुलं काखोटीला मारून. ते वेडीच्या भरवशावर धावत होते असं व्हायला नको.”

मी मनात देवाचं नाव घेतलं. त्याच्याकडे मागायचं तरी काय, तेच मला सुचेना: खोली राहो म्हणू, की जीभ राहो?

“जरा रंगीत तालीम करू,” वन्सं एकदम उठून म्हणाल्या. “तू कॅमेरा हो. तिथे दारात उभी राहा.”

मी दारात उभी राहिले. हात कुठे ठेवावे कळेना, म्हणून दोन्ही डोळ्यांशी धरले. वन्संनी चष्मा सारखा केला, घसा खाकरला, आणि तो आवाज लागला. त्या एवढ्याशा खोलीत, स्टोव्हच्या वासात, तो बागेतला आवाज. माझ्या अंगावर काटा आला.

“नमस्कार. त्या दिवशी सभेत जे झालं त्याविषयी मला सांगायचंय. आपले लोकप्रिय, कर्तबगार...”

त्या थांबल्या. तोंडावर हात ठेवला.

“पुन्हा,” म्हणाल्या. “नमस्कार. त्या दिवशी मंचाच्या पायऱ्या फार होत्या, आणि आपले कणखर, दूरदर्शी...”

“वन्सं!”

“अगं, कळतंय मला!” आता आवाज घरचा, पत्र्यावरचे खडे. “सुरात गेले की जीभ आपसूक तिकडेच वळते. घरच्या आवाजात बोलले तर?”

घरच्या आवाजात त्या अगदी नीट बोलल्या. पायऱ्या, गुडघा, चिटणीस, सगळं जागच्या जागी. मग मी सहज म्हटलं, “आता समजा, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलाय,” तर पुन्हा बाग आणि पुन्हा ‘आपले’. दिवा म्हटल्याबरोबर त्यांची पाठ ताठ होई, हनुवटी वर जाई, आणि गेल्या सगळ्या निवडणुका एकापाठोपाठ एक तोंडातून बाहेर पडत. कितीदा करून बघितलं. एकदा तर ‘झोपेतही जनतेचाच’पर्यंत गेल्या. आम्ही दोघी हसलो, मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचं नव्हतं.

“काय करून ठेवलंय बघ माझ्या जिभेचं,” त्या म्हणाल्या. “खोली गेलेली परवडली. ही कुठून परत आणू?”

खिडकीबाहेर एक बस सुरू झाली, खोकली आणि निघून गेली. वन्संनी पदराने चष्मा पुसला, परत घातला, आणि मला हाताला धरून खाटेवर आपल्या डाव्या बाजूला बसवलं. थोडं पुढे, थोडं मागे, असं करत माझी जागा ठरवली.

“उद्या इथे बस,” त्या म्हणाल्या. “अशी. तुझा हा हात त्यांना दिसायला नको, माझ्या मागे ठेव. आणि माझ्या तोंडातून ‘आपले’ असं निघालं ना, की इथे, कमरेवर, मांस आहे तिथे, कचकचून चिमटा काढ. हळू नको. आई गं म्हटल्याशिवाय सोडू नकोस.”

“अहो, मी कसा काढू तुम्हाला चिमटा?”

“काढ गं. नणंद आहे मी तुझी. इतक्या वर्षांचं काय साठलं असेल मनात, ते सगळं एकदाच काढून घे.”